काट्यावर हलगी

हातकणंगल्यात थंडीत भांडायला ऊसदर असतो. श्रावणात तो नसतो, म्हणून पोरं दुसरं काहीतरी शोधतात. यंदा आमच्या माडीवर जो शोध लागला तो असा : एफएल स्टुडिओचा आवाज पातळ आणि एबलटन लाइव्हचा जाड.

ज्यांच्या घरी हा आजार अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गणपतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जी डॉल्बी वाजते, तिचं गाणं आधी कुणीतरी कॉम्प्युटरवर जुळवतं. हलगी, घुमकं, कैताळ यांचे तुकडे, खाली छातीत बसणारा बेस. हे जुळवण्याची सॉफ्टवेअरं बरीच आहेत. माझा भाचा एफएलवाला. त्याचा इचलकरंजीचा मित्र पुण्याला कोर्सला गेला आणि एबलटनवाला होऊन परत आला.

"एफएलमधनं काढली की हलगीची हवा जात्या, मामा," मित्र म्हणाला.

"तुझ्या एबलटनला तळ हाय का तळ?" भाचा.

हवा, तळ, गोडवा, रुंदी. मी विज्ञानाचा मास्तर. यातलं एकही परिमाण माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

एफएलच्या बदनामीचं मूळ मला तरी बारशात दिसतं. बेल्जियमच्या इमेज-लाइननं १९९७ साली ते काढलं तेव्हा त्याचं नाव होतं फ्रूटी लूप्स, आणि काम होतं चौकोनांवर टिचक्या मारून ढोल वाजवणं. २००३ मध्ये नाव बदलून एफएल स्टुडिओ केलं, पण शाळेत पडलेलं टोपणनाव लग्नपत्रिकेपर्यंत पाठ सोडत नाही. भाच्यानं पुरावा काढला : मार्टिन गॅरिक्सनं २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, 'ॲनिमल्स' यातच केलं आणि जग नाचवलं.

"त्येंच्याकडची लाइट शुद्ध असत्या," मित्र म्हणाला.

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. लाइट तेव्हा गेलेलीच होती.

खरं तर आत चाललेलं असतं ते चौथीचं गणित. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० आकडे. हलगीचा आकडा, बेसचा आकडा, ज्याचं बटण जितकं वर तितक्यानं गुणायचं आणि बेरीज करायची. ही बेरीज बेल्जियमवाल्यानं केली काय नि बर्लिनच्या एबलटनवाल्यानं केली काय, उत्तर तेच. हातचा विसरण्याची भीतीही नाही, कारण ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटच्या हिशेबात जवळजवळ १५०० डेसिबलचा पल्ला मावतो. माणसाच्या कानाला १२०च्या आसपास दुखायला लागतं. निवासी भागात कायदा दिवसा ५५ला थांबा म्हणतो. एवढी ऐसपैस जागा, आणि पोरांना तिथं हलगी गुदमरताना ऐकू येते!

शेवटी मी काटा लावायचं ठरवलं. ऊसवाल्या घरात हे समजवायला वेळ लागत नाही. कारखान्याच्या काट्याचा संशय आला की तीच ट्रॉली बाहेरच्या काट्यावर चढवायची आणि एका पावतीतून दुसरी वजा करायची. इथंही तेच. एकच हलगी, एकच बेस, दोन्हीकडून फाईल काढायची. एक फाईल उलटी करायची, म्हणजे प्रत्येक अधिकचा उणे, आणि दुसरीत मिसळायची. जे ऐकू येईल तेवढीच काटामारी.

ऐकू आलं. कैताळ कुठंतरी खरवडत होता, हलगी लांबून कण्हत होती. मित्राची कॉलर ताठ झाली.

मग एकेक चोर सापडला. लांब फाईल आत ओढली की लाइव्ह आपणहून तिला तालाला ताणून बसवतं. त्याला वॉर्प म्हणतात. तो बंद केला. एफएलच्या नव्या प्रोजेक्टमध्ये शेवटच्या दारात लिमिटर, म्हणजे मोठा आवाज दाबणारा, आधीच उभा असतो. त्याला घरी पाठवलं. कैताळ उजवीकडे सरकवलेला होता, आणि अशा सरकवण्याचा नियम प्रत्येकाचा निराळा : कुणी मधला आवाज दाबतं, कुणी कडेचा वाढवतं, ३ डेसिबलचा फरक सहज पडतो. तो हातानं जुळवला. पुन्हा वजाबाकी केली, तर मीटरवर उणे अनंत. एक कण शिल्लक नाही.

मला वाटलं होतं, मिठी मारतील. दोघंही सुतक आल्यासारखे बसले. भांडण हरणं परवडतं, भांडणाचं कारणच नाहीसं होणं हा मोठा अन्याय.

मित्र सावरला. "मीटरला काय कळतंय? कानानं ऐकू." मी त्याला पाठ करून बसवलं आणि दोन तुकडे वाजवले. दुसरा ऐकताच तो उडाला. "ही बघा हवा! हे एबलटन!" दोन्ही वेळा फाईल एकच होती, भाच्याच्या एफएलची. दुसऱ्यांदा मी बटण १ डेसिबलनं वर केलं होतं. जरा मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं. मी त्याला हे सांगितलं नाही. बहिणीनं त्याच्यासाठी भाकरी टाकल्या होत्या.

फरक असतातच. ताणण्याची पद्धत, सोबत मिळणारी वाद्यं, घुमारा आणणारी यंत्रं हे सगळं ज्याचं त्याचं. शिवाय समोर चौकोन दिसले की माणूस चौकोनी गाणं करतो, हे माझं खाजगी मत. पण बेरजेत हवा नसते.

संध्याकाळी डॉल्बीवाला आला. चार ओळींत बेस, वर टॉप, लाल दिवा लागेपर्यंत अँप्लिफायर पिळणारा माणूस. गाणं त्यानं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं, तेही अर्धंच.

"भारी झालंय. व्हॉट्सॲपवर टाक. आमच्या साऊंडचं नाव किती बारी येतंय?"

"चार."

"आठ कर. आणि हलगीच्या वर येऊ दे."

मित्र घास गिळून म्हणाला, "नाव एबलटनमध्ये घालू या. जाड येतंय."

डॉल्बीवाल्यानं भाच्याकडं पाहिलं. "खरंच जाड येतंय काय रं? तसं असंल तर पाचशे वर देतो."

भाचा माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "येतंय की. लई जाड येतंय."