गाईड सक्तीचा

ॲरिझोनातल्या कॅन्यन दि शे या दरीच्या तळाशी भटकायचं तर इथल्या मूळनिवासी नावाहो जमातीचा गाईड बरोबर घ्यावा लागतो. 'आपले आपण गेलो तर नाही का चालणार?' हा आपल्याकडच्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, 'ग्रुपला काही कमी?'

आपले आपण येणारे इथे पूर्वी येऊन गेले आहेत. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यातला अधिकारी किट कार्सन याची फौज आली. त्या वर्षभरात सैन्याने घरं-शेतं जाळली, पीचची हजारो झाडं तोडली आणि हजारो नावाहोंना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. सरकारी पदयात्राच ती. जेवणाची सोय यथातथा, परतीची परवानगी १८६८ च्या तहानंतर.

पुढे १९३१ मध्ये त्याच सरकारने दरीला राष्ट्रीय स्मारक म्हणून गौरवलं. जमीन मात्र नावाहोंचीच राहिली आणि तळाशी आजही काही कुटुंबं मका पिकवतात, मेंढ्या राखतात. 'मानवी स्पर्श न झालेला निसर्ग' शोधत आलेल्यांच्या फोटोत नेमक्या त्याच मेंढ्या मध्ये येतात, बिचाऱ्यांचा हिरमोड होतो.

तेव्हा जाल तर माणसांचे फोटो विचारून काढा आणि गाईडच्या पैशांत घासाघीस करू नका.