पहिली घंटा होण्याआधी

व्हेनिसचं 'ला फेनिचे' हे ऑपेरा थिएटर 29 जानेवारी 1996च्या रात्री जळून खाक झालं. व्हर्दीचा 'ला त्राव्हियाता' 1853 साली पहिल्यांदा रंगला तो इथेच. थिएटर डागडुजीसाठी बंद होतं. पुन्हा उघडेल तेव्हा वूडी ॲलन आपला जॅझ बँड घेऊन येणार, हेही ठरलेलं. आग लावली ती तिथंच वायरिंग करणाऱ्या दोघांनी, आणि कोर्टात ते शाबित झालं. काम मुदतीत होत नव्हतं, उशिराचा दंड अंगावर येत होता. एवढंच कारण! बंबाच्या बोटी जवळ येईनात, कारण शेजारचा कालवा गाळ काढायला कोरडा केलेला. थिएटर पुन्हा उघडलं ते डिसेंबर 2003 मध्ये.

नाट्यगृह सगळ्यात धोक्यात असतं ते दुरुस्तीच्या काळात. वायरी उघड्या, थिनरचे डबे उघडे, वेल्डिंग चालू, धुराचा इशारा देणारी यंत्रणा बंद. त्यात कार्यक्रमाची तारीख आधीच छापलेली असली की सगळे फक्त घड्याळाकडे बघतात.

गेल्या वर्षी एका सभागृहात दुपारी चारला पोचलो. मैफल सहाची. विंगेत फरशी कापायचं कटर किंचाळत होतं. तंबोरा लावायला बसलेल्या मुलीनं भोपळ्यावर ओढणी टाकली होती, धूळ बसू नये म्हणून. आग विझवायचा सिलिंडर शोधला, तर तो रंगाच्या डब्यांमागे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. बाहेर पडायच्या दारासमोर खुर्च्यांची चळत. सहाला पडदा उघडला, टाळ्या पडल्या. माझं सगळं लक्ष त्या दाराकडे.

आगीत काय जातं हे आपल्याला कोणी सांगायला नको. शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. धुमसत्या भिंतींपुढे कलावंत ढसाढसा रडले.

म्हणून आयोजकांना हात जोडून सांगणं आहे. अग्निशमन दलाचा दाखला हातात पडल्याशिवाय तारीख छापू नका. काम चालू असेल तोवर रात्री एक जागता माणूस ठेवा, त्याला दुसरं काही काम देऊ नका. ठेकेदार मुदतवाढ मागत असेल तर आधी स्वतः आत जाऊन काम कुठं अडलंय ते बघा. आणि रसिकहो, आत गेल्यावर खुर्चीच्या नंबराआधी बाहेरचं दार शोधा. अडवलेलं दिसलं तर पहिली घंटा होण्याआधी मोकळं करून घ्या.