व्हाया कल्याण

मामा तुमच्याकडेही असणारच. सख्खेच असतील असं नाही. माझेही नाहीत, आईचे मावसभाऊ. घरातलं कुणी परदेशातून येणार अशी कुणकुण लागली, की ज्यांचा फोन सगळ्यांच्या आधी येतो, ते. "कितीला उतरतंय? टर्मिनल दोनच ना? मग ऐक."

ऐकायचं काय, ते आमच्याकडच्या पोरासोरांनाही पाठ आहे. सहारला उतरलेल्या माणसाला पुढे कुठेही जायचं असो, गाडी कल्याणला पकडायची.

कोल्हापूर? महालक्ष्मी, कल्याणला पकड. सोलापूर? सिद्धेश्वर, कल्याणला पकड. नांदेड? देवगिरी, कल्याणला पकड. इथवर त्यांचं चुकत नाही. मध्य रेल्वेला कल्याणलाच दोन फाटे फुटतात: एक कर्जतवरून घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यावरून नाशिक-भुसावळकडे. पंचाईत कोकणाची. कोकणच्या गाड्या दिव्याहूनच पनवेलकडे वळतात, कल्याणचं तोंडही बघत नाहीत. हा मामांना स्वतःचा अपमान वाटतो. माझ्या आत्येभावाला एकदा रत्नागिरीला जायचं होतं. मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "कल्याणला कोल्हापूरची गाडी पकड. तिथून एसटीनं आंबा घाट उतरलास की आलंच रत्नागिरी."

यंदा पाळी माझी होती. लंडनहून मुंबई, तिथून नागपूर. विमानानंच पुढे जाते म्हटलं, तर "वरून काय दिसतं? ढग!" समृद्धी महामार्गाचं नाव काढलं, तर ७०१ किलोमीटर बसून अंग आंबेल. विदर्भ एक्सप्रेस ठरली. मी म्हटलं, मामा, २०२५च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो पुरी झाली, आता टर्मिनल दोनहून एकाच गाडीत बसून थेट सीएसएमटीला उतरते आणि सुटण्याच्या ठिकाणीच चढते.

"म्हणजे आधी दक्षिणेला जाणार, मग तेवढंच परत वर येणार? दक्षिणेकडे तोंड करून माहेरी निघतं का कुणी?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तिकीट मामांनीच काढलं होतं. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. हे पावणेआठपासून आंघोळ करून फोनसमोर. आणि बोर्डिंग टाकलं होतं अर्थात कल्याण. बोर्डिंग बदललं की आधीच्या स्टेशनातून चढायचा हक्क जातो, हा नियम त्यांना माहीत होता. मला नंतर कळला.

तर मी, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि मामांनी पाठवलेला नकाशा. टर्मिनल दोनहून मेट्रोनं एकच स्टेशन, मरोळ नाका. तिथं मेट्रो बदलून घाटकोपर. तिथून संध्याकाळची कल्याण फास्ट. बायकांच्या डब्यात मला आणि बॅगांना कुणी ओढून घेतलं, ते आजही सांगता येणार नाही. ठाण्यापर्यंत एका बॅगेवर दोघी बसल्या होत्या आणि दुसरीवर एकीनं मेथी निवडून पुरी केली. मनातल्या मनात मामांचं काय काय कल्याण केलं, ते इथे लिहीत नाही.

कल्याणच्या फलाटावर मामा उभे होते. हातात पिशवी, पिशवीत डबा. माझा डबा जिथे थांबणार, नेमके तिथे.

"प्रवास कसा झाला?" वगैरे काही नाही. "दोन मिनिटं लेट आहे," म्हणाले. मामींचे गुडघे जिना चढू देत नाहीत म्हणून त्या आल्या नव्हत्या. तेवढ्यात गाडी आली. बॅगा आत, मी आत, मामाही आत. माझा बर्थ नंबर त्यांनी वाचून खात्री केली आणि गाडी हलायच्या आत खाली उतरले. "डबा स्टीलचा आहे. परत हवा."

मामा राहतात डोंबिवलीत. लांबच्या गाड्या तिथून भोंगा वाजवत निघून जातात. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो, दोन वर्षांतून एकदा येतो. त्याची सासुरवाडी पुण्याची. विमानतळावरून टॅक्सी, एक्सप्रेसवे, थेट पुणे. डोंबिवलीला परतताना एक रात्र. त्या रस्त्यावर कल्याण लागत नाही. हे मला इगतपुरी गेल्यावर, गार झालेल्या पोळीचा तुकडा मोडताना सुचलं. मेथी निवडणाऱ्या बाईबद्दलचा राग तरीही पुरता गेला नव्हता.

परतीचं माझं नागपूर-मुंबई विमान ठरलेलं होतं. फोनवर सांगितलं तर मामा "बरं" म्हणाले. नुसतं "बरं". वेळ नाही, गाडीचा नंबर नाही.

विमान रद्द केलं, पैसे कापून गेले. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात संत्रा बर्फी भरली. पहाटे कल्याणला डोळे चोळत दारात आले, तर मामा तिथेच. डबा घेतला, उघडूनही पाहिला नाही. पिशवीतून दुसरा काढून माझ्या हातात दिला.

तोही स्टीलचाच होता.