श्रीमती वाकळबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती वाकळबाई,
मूळ मुक्काम : आजीचा सोपा, तालुका कराड.
हल्ली मुक्काम : दिवाणाचा खालचा कप्पा, वैशाली, गाझियाबाद.

विषय : आपल्या दिसण्यातील दिशाभूल करणाऱ्या सोपेपणाबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की मी आपल्यावर नाराज आहे. एकतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली हलवल्यामुळे मला याहून चिडून लिहिता येत नाही. तरी 'नाराज' या शब्दाखाली लाल शाईच्या दोन रेघा आहेत असं समजावं. पत्र अनावृत ठेवलं, कारण झाकण्यासारखं काही उरलेलं नाही. माझा पराक्रम यंदाच्या हळदीकुंकवांतून करोलबागेपासून फरीदाबादेपर्यंत पोचलेला आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. आम्ही चौघी : द्वारकावाली, फरीदाबादवाली, पानिपतवाली आणि मी. दिल्लीत वीस वर्षं काढली की बाईचं नाव झडून जातं आणि नुसता पत्ता उरतो. पानिपतवालीचे यजमान तिथल्या रिफायनरीत. गाव इथून नव्वद किलोमीटर, पण सरकारी कागदावर राजधानी क्षेत्रातच मोडतं. म्हणजे आमचं ते सुप्रसिद्ध हरणंसुद्धा एनसीआरमधलंच. दर संक्रांतीला ती बिचारी १७६१ची लढाई स्वतःमुळे हरल्यासारखी टोमणे खाते आणि वर तिळगूळही वाटते.

तर डिसेंबरात द्वारकावालीने फोनवर एक जाहिरात दाखवली. क्विल्टिंग रिट्रीट. तीन दिवस, दोन रात्री, सोहन्याच्या पुढे अरवलीच्या पायथ्याशी एक फार्महाउस. जेवण, राहणं, कापड, शिकवणी सगळं धरून जी फी होती ती माझ्या पहिल्या तीन पगारांएवढी. मला आजवर एकच रिट्रीट ठाऊक, २९ जानेवारीला विजय चौकात होते ती. सूर्य मावळताना बँड वाजवत फौजा बराकीत परततात आणि आपण पास मिळाल्याच्या आनंदात थंडीने काकडत टाळ्या वाजवतो. रिट्रीट म्हणजे माघार. जानेवारी महिन्यात, दिल्लीच्या आसपास, चार मराठी बायकांनी पैसे भरून माघारीला जाणं शुभ नव्हे, असं मी म्हणालेही. तेव्हा फरीदाबादवालीने विचारलं, "तुला येतं का गं गोधडी शिवायला?"

आणि इथे, महोदया, आपला संबंध येतो.

मी म्हणाले, "त्यात काय शिकायचं? आमच्या घराण्यातच आहे ते."

हे मी कुणाच्या भरवशावर म्हणाले? आपल्या. पन्नासहून जास्त वर्षं आपण माझ्या डोळ्यांसमोर आहात. आजीचं नऊवारी लुगडं खाली, वर दादांची दोन धोतरं, मधे कुणाकुणाचे सदरे, एका कोपऱ्यात माझा चौथीतला परकर. कडेने सुरू होऊन आत आत वळत मध्याशी पोचणारा साधा धावदोरा. ना कशिदा, ना आरसे, ना बुट्टी. आजी दुपारची भांडी झाली की सोप्यात आपल्याला पसरायची, वर मांडी ठोकायची आणि बोलता बोलता शिवायची. नजर कधी टाक्यावर, कधी रस्त्याने कोण चाललंय त्यावर. ते पाहून कुणाही पोरीचा समज होईल की हे काम हातांना आपसूक येतं, जशी दाढ येते. तो समज आपण एकदाही खोडून काढला नाहीत. माझ्या तक्रारीचा मुद्दा क्रमांक एक हाच.

फार्महाउसवर पोचलो तेव्हा धुकं एवढं की अरवली आहे की नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. लांब टेबलं, त्यावर हिरव्या रबरी चटया, पारदर्शक पट्ट्या आणि पिझ्झा कापायच्या चाकासारखी एक सुरी. प्रत्येकीसमोर नवंकोरं कापड, घडीही न मोडलेलं. प्रशिक्षिका फार गोड बाई. त्या म्हणाल्या, "नाउ, कापा."

मी हात मागे घेतला. नवं कापड कापायचं? का? तर तुकडे करायला. तुकडे कशाला? तर जोडायला! वाकळबाई, आपल्या अंगावरचं एक तरी कापड धडधाकट असताना आपल्याकडे आलं होतं का? लुगडं नेसून विरायचं, मग त्याचे परकर व्हायचे, परकरांची दुपटी, आणि एवढे जन्म भोगून जे उरेल त्यासाठी बोहारीण आणि आजी यांच्यात दारात झुंज व्हायची. बोहारीण एका पातेल्यावर अडून बसायची, आजी अंगाला हात लावू द्यायची नाही. त्या झुंजीत आजी जिंकली तरच कापड आपल्यात यायचं. दिल्लीतही ही झुंज अजून चालू आहे. रघुबीरनगरला उजाडायच्या आत जो बाजार भरतो, तिथे भांड्यांच्या बदल्यात घरोघरून गोळा केलेले जुने कपडे गठ्ठ्यांनी विकले जातात. मी तो एकदा पाहिलाय. अर्ध्या दिल्लीच्या वाकळी तिथे न शिवलेल्या अवस्थेत पडलेल्या असतात. आणि आम्ही सोहन्याला नवं कापड फाडत बसलो होतो. एक गुंडाळी तर दुकानातूनच अडीच-अडीच इंची पट्ट्या करून आली होती. तिचं नाव जेली रोल. द्वारकावालीने ती चहाबरोबरची म्हणून बाजूला ठेवली होती.

मग पाव इंच.

या बायकांच्या धर्मात पाव इंच हे दैवत आहे. दोन चौकोन जोडताना शिवण काठापासून बरोबर पाव इंचावर यायला हवी. थोडी आत गेली तर काय बिघडलं, असं मी विचारलं. पानिपतवाली इंजिनीअरची बायको. तिने कागदावर मांडून दाखवलं. पाव इंच म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. प्रत्येक बाजूला अर्धं सूत जास्त खाल्लंस तर एका जोडात एक सूत गेलं. नऊ चौकोनांच्या ओळीला आठ जोड. आठ सूत म्हणजे पुरा एक इंच. शेजारच्या ओळीने असं खाल्लं नसेल, तर दोन्ही ओळी कशा जुळणार? माझ्या ओळी भारतीय रेल्वेच्या मीटरगेज-ब्रॉडगेजसारख्या शेजारी शेजारी पडून राहिल्या. सुताने सूत जमवणं हा वाक्प्रचार मी आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं जुळवताना वापरत आले. त्यात इंचाचा हिशेब असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. आपणही नाही.

सुईबद्दल थोडंच लिहिते, जखम ताजी आहे. मेरठ जिल्ह्यातलं हस्तिनापूर आमच्या घरापासून गाडीने दोनेक तासांवर. तिथल्या दुर्योधनाने सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही असं बजावलं. गडी तरुण होता, अग्रावर थांबला. साठीला टेकला असता तर त्याला नेढ्याबद्दल बोलावं लागलं असतं. दोरा ओवायला मला अकरा मिनिटं लागली, ती फरीदाबादवालीने मोबाईलवर मोजली. बाराव्या मिनिटाला दोरा आत गेला आणि गाठ मारायची राहिल्यामुळे पहिल्याच टाक्यात मोकळा होऊन हातात आला. अंगुस्ताना बोटात राहीना. धावदोऱ्याला धावदोरा का म्हणतात हे मला माहीत नाही. माझा लंगडत होता, मधे मधे बसत होता आणि एकदा तर मागे फिरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी जेवढं शिवलं त्याहून जास्त उसवलं होतं. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

संध्याकाळी पडद्यावर चित्रं दाखवली. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायकांनी शेतात घालून झिजलेले कपडे जोडून गोधड्या केल्या, अंगावर घ्यायला. २००२ साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतींवर टांगल्या गेल्या. फार देखण्या. रेषा वाकड्या, रंग मनाला येतील तसे, एकही चौकोन काटकोनात नाही. मी आशेने माझा चौकोन वर धरला. प्रशिक्षिका म्हणाल्या की त्यांचं वाकडं आणि तुमचं वाकडं यात फरक आहे. अगदी खरं होतं. म्हणूनच लागलं.

रात्री शेकोटी नको, आत हीटरजवळ बसू म्हणून आम्ही चौघी आपापली कामं घेऊन बसलो. ढोबळ टाके घालायचे होते, मॅडम झोपायला गेल्या होत्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग फरीदाबादवाली खाली बघतच म्हणाली की मुलाने मेलबर्नला घर घेतलं, आता तो काही येत नाही. कुणी मान वर केली नाही. द्वारकावालीने कात्री मागितली. पानिपतवालीने "किती खोल्या?" विचारलं. ती म्हणाली, तीन, आणि मग एकेक खोली सांगत गेली, कुठल्या खिडकीतून काय दिसतं, तुळस बाल्कनीत ठेवू देतात की नाही. समोरासमोर चहा पीत बसलो असतो तर हे तिने सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर आम्ही नको तेवढा धीर दिला असता. नंतर उठताना कळलं की मी माझ्या चौकोनाला तिची ओढणीही शिवून घेतली होती. त्या सबंध शिबिरातली तेवढी एकच शिवण प्रशिक्षिकांनी वाखाणली. उसवता उसवेना.

तू हे सगळं आधीपासून ऐकत आलीस ना? सोप्यातल्या दुपारी आजीजवळ कोण कोण येऊन बसायचं, तुझी एकेक कड धरून, आणि आम्हां पोरांना का पिटाळलं जायचं... असो. एकेरीवर आले. क्षमस्व. मुद्द्यावर येते.

चौकीदाराची बायको मेवातची. ती रोज आमच्या टेबलाखालच्या चिंध्या झाडून भरून न्यायची. मला वाटलं, झालं, आता ही रात्रीत एक अस्सल गुदडी शिवून आणणार, आमची मान खाली जाणार, आणि परतीच्या वाटेवर आम्ही चौघी लोककलेबद्दल गहिवरून बोलणार. शेवटच्या दिवशी मी विचारलंच, "गुदडी बनाती हो?" ती हसली. "कौन बनावे! खिडकी से हवा आवे थी, ठूंस दी." खिडकीच्या फटीत आमचं नवं कापड, अमेरिकी छापाचं, बोळे करून कोंबलेलं होतं. आणि पांघरायला? तिने आतून एक गुलाबी, गुबगुबीत ब्लँकेट आणून दाखवलं, वर मोठा वाघ. "पानिपत का है. धोओ, सुखाओ, एक दिन में तैयार."

पानिपतवालीची मान तीन दिवसांत पहिल्यांदा ताठ झाली. ऐका, म्हणाली. थंड देशांनी टाकलेले लोकरी कोट-स्वेटर जहाजाने कांडल्याला उतरतात. तसेच विकले जाऊ नयेत म्हणून आधीच फाडलेले असतात. पानिपतला बायका त्यांची बटणं, चेन, अस्तरं काढतात, रंगारंगाचे ढीग लावतात, मग ते पिंजून त्यांचं नवं सूत निघतं. ढीग रंगाप्रमाणे असल्यामुळे सुताला पुन्हा रंगवावं लागत नाही. त्याची ब्लँकेटं भूकंपात, पुरात वाटायला जगभर गेली. आता तोही धंदा मागे पडत चाललाय, वाघवाली कृत्रिम धाग्याची ब्लँकेटं स्वस्त पडतात. म्हणजे महोदया, अख्ख्या जगाची बोहारीण आमच्या मैत्रिणीच्या गल्लीत राहते, आणि आम्ही मात्र पानिपत म्हटलं की भाऊसाहेबांपलीकडे जात नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी माघार घेतली. वीस गुणिले वीस इंचांची एक उशी व्हायची होती. माझी एका बाजूने सतरा भरली, दुसऱ्या बाजूने मोजायला प्रशिक्षिकांनी मनाई केली. पद्धतीप्रमाणे पुण्याला बहिणीला खबर धाडली : दोन सुया मोडल्या, सत्तावीस टाचण्या हरपल्या, सुटलेल्या टाक्यांची गणती नाही. तिचं उत्तर आलं, वाकळ माझ्याकडे पाठव, तिकडे तिचे हाल होतील.

सबब, आपणास विचारणा करण्यात येते की :

आजीने आपल्यावर एकूण किती टाके घातले, त्याचा तपशील द्यावा. मी घरी आल्यावर एका वितीचे मोजले आणि पुढे सोडून दिलं.

नवरात्राआधी कृष्णेच्या घाटावर आपल्याला भिजवल्यावर दोन्ही टोकांनी पिळायला आई आणि काकू लागायच्या, तरी एकही टाका कसा सुटला नाही? माझी उशी कोरडी असताना सुटली.

आणि माझा चौथीतला परकर आजीने नेमका कुठे लावला आहे हे मला इतकी वर्षं माहीत होतं. काल दिवाणातून आपल्याला काढून दिव्याखाली धरलं, तर तिथली शिवण पाव इंचावर नाही. कुठे तीन सूत, कुठे एक. एका ठिकाणी तर चक्क उसवून पुन्हा घातलेली आहे. याबाबत आपण आजवर मौन का बाळगलंत, याचा लेखी खुलासा करावा.

आपली विश्वासू,
(निवृत्त) कक्ष अधिकारी,
वैशाली, गाझियाबाद.

ता. क. आपल्या डाव्या कोपऱ्याला रुपयाएवढं भोक पडल्याचं त्याच वेळी निदर्शनास आलं. ठिगळासाठी सोहन्याच्या उशीचा एक चौकोन मंजूर करण्यात आला असून काम निविदा न काढता माझ्याकडेच देण्यात आलं आहे. सुई पानिपतवालीने फोनवरून सूचना देत ओवून घेतली. टाके मोजू नयेत, ही नम्र विनंती.