मित्रासह घर हलवणे : पुणे ते गुरुग्राम

मोटारीने घर हलवायला मोटार, रस्ता आणि मित्र लागतो. मोटार हप्त्याने मिळते, रस्ता टोल भरून मिळतो, मित्राला मात्र ऑफिसातून सुटी मिळावी लागते. पुणे ते गुरुग्राम हा मार्ग या कामासाठी प्रमाण मानावा. अंतर चौदाशे-पंधराशे किलोमीटर, म्हणजे शहाण्या माणसाने विमानाने जावे इतके लांब आणि "त्यात काय, गाडीनेच जाऊ" असे रात्री अकरा वाजता म्हणता येईल इतके जवळ. शिवाय रस्ता चुकायला फारसा वाव नाही. वाकडजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे गुरुग्रामच्या अंगणातून दिल्लीत शिरतो. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, त्याआधी याचा मुंबई-दिल्ली भाग बहुतांशी ८ क्रमांकाचा होता आणि पुण्याकडचा ४ क्रमांकाचा. गुरुग्रामची मंडळी अजून 'एनएच एट'च म्हणतात. पत्ता विचारताना हे लक्षात असू द्यावे.

मित्राची निवड घाईने करू नये. मामेभाऊ, चुलतभाऊ किंवा मेहुणा या कामाला चालत नाही. तो नव्या घराचे भाडे विचारतो आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा सांगलीला पोचलेला असतो. ऑफिसातला सहकारीही टाळावा, कारण स्थलांतर ज्या साहेबाला कंटाळून चालले आहे त्याच्याबद्दल वापीच्या पुढे मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. उत्तम मित्र शाळेतला किंवा वसतिगृहातला असतो. त्याच्याकडे वाहन परवाना हवा, त्याला पाठीचे दुखणे नसावे आणि नकाशातील बाईने सांगितलेल्या रस्त्यावर स्वतःचे मत असले तरी ते त्याने चार टोलनाक्यांतून एकदाच मांडावे. "तू झोप, मी बघतो" असे म्हणून स्वतःच झोपणारा मित्र सर्वत्र आढळतो. त्याला घेऊ नये असे नाही, पण त्याच्या हाती फक्त चहाचे खाते द्यावे.

मित्राचे खरे काम गाडी चालवणे नव्हे. सामान ट्रक नेतो, गाडीही पैसे टाकले की वाहनवाहू ट्रेलरवर चढून जाते. हलवायचा असतो तो माणूस, आणि त्याला हलवण्याची सोय कोणत्याही पॅकर्स-मूव्हर्सच्या दरपत्रकात नसते. हे मित्राला आधी सांगू नये. त्याला "दोन दिवस मजा करू" एवढेच सांगावे.

पॅकर्स-मूव्हर्सची माणसे सकाळी येतात आणि दुपारपर्यंत घरातील प्रत्येक वस्तू खोक्यात घालतात. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. कचऱ्याची बादली कचऱ्यासकट, अर्धी संपलेली उदबत्ती, बंद पडलेला रिमोट, सगळे बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये सन्मानाने गुंडाळले जाते आणि खोक्यावर 'किचन मिसलेनियस' असे लिहिले जाते. म्हणून ट्रकमध्ये जाऊ नये ते आदल्या रात्रीच गाडीत ठेवून गाडीला कुलूप लावावे. यात मूळ कागदपत्रे, दागिने, औषधे, देव, तुळशीची कुंडी आणि लोणच्याची बरणी येते. घरगुती गॅसचा सिलिंडर न्यायचा नसतो. तो आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे, ते दाखवले की नव्या गावी जोडणी मिळते. हे काम शेवटच्या दिवसावर टाकण्याची प्रथा आहे. ती पाळू नये.

लोणच्याच्या बरणीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. झाकणावर विश्वास ठेवणाऱ्यांचे तेल खंडाळ्याच्या उतारावर बाहेर येते आणि पुढे गाडी विकेपर्यंत सीटला कैरीचा वास येतो. तोंडावर प्लास्टिकचा कागद, त्यावर झाकण, त्यावर सुती दादरा घट्ट बांधून बरणी मित्राच्या दोन पावलांमध्ये उभी ठेवावी. डिकीत ठेवली तर ती आडवी होते. मागच्या सीटवर ठेवली तर तुळस आडवी होते. तुळशीला सीटबेल्ट लावावा. मागे बसलेल्या माणसालाही तो कायद्याने सक्तीचा आहेच, पण तुळस कुरकुर करत नाही. गाडी भरल्यावर मागच्या काचेतून काही दिसत नसेल तर उशा काढाव्यात. उशा गुरुग्राममध्येही मिळतात. टायरमधील हवा भरलेल्या गाडीच्या मापाने भरावी. ते माप चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते आणि गाडी घेतल्यापासून कोणी वाचलेले नसते.

गाडी डिझेलची असेल तर तिचे वय निघण्यापूर्वी मोजावे. गुरुग्राम राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंधन घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला दुजोरा दिला, आणि त्यानंतर त्यात फेरफार होत राहिले. शिवाय हिवाळ्यात हवा फार बिघडली की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारी काही दिवस घरीच ठेवाव्या लागतात. पुण्यात "अजून झकास चालते" हे वाक्य गाडीच्या बाजूने पुरेसे असते. तिकडे ते पुराव्यात धरत नाहीत.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठरवावी, म्हणजे सात वाजता निघता येते. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना हे आदल्या दिवशी पाहावे. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला असला तरी त्यातील शिल्लक नाक्यावरच संपते असा अनुभव आहे. द्रुतगती मार्गावर सपाटीला ताशी १०० ची मर्यादा असून कॅमेरे डोळे मिटत नाहीत. नव्या नोकरीचा पहिला पगार दंडात घालवणे बरे नव्हे. पुढे कळंबोली, ठाणे, घोडबंदर. या पट्ट्यात मित्र पहिल्यांदा "आपण नाशिक-धुळ्यावरून इंदूरमार्गे जायला हवं होतं" असे म्हणतो. त्याचे म्हणणे बरोबर असण्याचा संभव आहे, म्हणून उत्तर देऊ नये. वसई-मनोर गेले की रस्ता मोकळा होतो आणि तोही शांत होतो.

अच्छाडजवळ महाराष्ट्र संपतो. निरोपसमारंभात कोणी बाटली भेट दिली असेल तर तिची व्यवस्था त्याआधीच, म्हणजे पुण्यातच करावी. गुजरातेत दारूबंदी आहे, तिचा कायदा जुन्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यातूनच आलेला आहे, आणि "सीलबंद आहे हो" हा बचाव तेथे कोणालाही नवा नाही. बाटली मागे राहिलेल्यांपैकी एखाद्याला द्यावी. निरोप तोच देत होता, तर घोटही त्यानेच घ्यावा.

गुजरातेत जेवणाची चिंता नसते. काठियावाडी ढाब्यावर शेव-टमाटर, बाजरीचा रोटलो, लसणाची चटणी आणि न मागता येणारे ताक मिळते. तरीही आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आधी संपवावी. तिचा फोन प्रत्येक टोलनाक्याला येतो आणि "पोचलात का?" नंतरचा प्रश्न दशम्यांचा असतो. फोन मित्राने घ्यावा. "काकू, मस्त चाललंय, हळूच चालवतोय" हे वाक्य पोटच्या पोराने म्हटले तर आयांना पटत नाही, त्याच्या मित्राने म्हटले तर पटते.

भरूचला नर्मदा ओलांडल्यावर पहिला मुक्काम बडोद्यात करणे इष्ट. गायकवाडांच्या या शहरात मराठी बोलून पाहावे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले कोणी ना कोणी उत्तर देते, आणि ते ऐकून स्थलांतर करणाऱ्याला वाटते की आपण फार लांब आलेलो नाही. हा गैरसमज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतो. अहमदाबाद, हिंमतनगर, शामळाजी करून रतनपूरला राजस्थान लागला की दगडाचा रंग बदलतो, पाट्यांवरून गुजराती नाहीशी होते आणि पुणेरी हिंदीची परीक्षा सुरू होते. "भैया, ये रस्ता सीधा जाके किधर को निकलता?" या प्रश्नाला राजस्थानात "बस, आगे ही है" असे उत्तर मिळते. ते वीस किलोमीटरलाही लागू पडते आणि दोनशेलाही.

दुसरा मुक्काम उदयपूर. येथे तलाव पाहायचा असेल तर तासभर द्यावा, जास्त नाही; कारण तिसरा दिवस सर्वांत लांब असतो आणि गप्पा त्याच दिवशी खोल जातात. पहिल्या दिवशी साहेब, पगार आणि जुने वर्गमित्र संपतात. दुसरा दिवस गाण्यांवरून वाद घालण्यात जातो. चितोडगड-भिलवाड्याच्या सरळ रस्त्यावर, दोघांनाही समोर बघायचे असल्याने, एरवी समोरासमोर बसून विचारता येत नाही ते विचारले जाते. "तिकडे नाही जमलं तर?" हा प्रश्न तेथे येतो. मार्गदर्शकाचे मत असे की त्याला लगेच उत्तर देऊ नये. ट्रक ओलांडून घ्यावा, पाणी प्यावे आणि मग खरे तेच बोलावे. मित्राने यावर उपदेश करू नये. "मग परत ये की, गाडी आहेच" एवढे पुरते.

किशनगडला संगमरवराची मोठी बाजारपेठ आहे. कापताना निघणारा पांढरा गाळ गावाबाहेर टाकून टाकून बर्फासारखे मैदान तयार झाले आहे, आणि लग्नाआधीची छायाचित्रे काढायला जोडपी तेथे येतात. मित्राला तेथे फोटो हवा असतो. दहा मिनिटे द्यावीत. बूट झटकून गाडीत बसावे, नाहीतर ती भुकटी आधीच्या सांडलेल्या लोणच्याच्या तेलात मिसळून दगड होते.

जयपूरनंतर दोन वाटा फुटतात. एक जुनी, कोटपुतली-बहरोड-मानेसरची, जिच्यावर ट्रक आणि पराठे दोन्ही मुबलक. दुसरी दौशावरून दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाने सोहन्यापर्यंत. हा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. घाई असेल तर दुसरी धरावी. पुण्यात सर्वांनी "मुरथळचे पराठे खाच" असे बजावलेले असते. मुरथळ दिल्लीच्या पलीकडे, चंदीगडच्या रस्त्यावर आहे. सल्ला देणाऱ्यांनी ते खाल्ले मनालीला जाताना. त्यासाठी दिल्ली ओलांडून जाण्याचा मित्राचा प्रस्ताव प्रेमाने फेटाळावा.

नव्या सोसायटीच्या फाटकावर गाडी थांबते, कारण 'मूव्ह-इन'ची परवानगी ट्रकची असते, माणसांची नसते, आणि एमएच १२ पाहून सुरक्षारक्षक दोनदा नाव विचारतो. ट्रक अजून वाटेत असतो. म्हणून सतरंजी, बादली, तांब्या, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन बल्ब आणि झाडू हे गाडीतच असायला हवे होते. नव्या घरात दूध उतू घालायचे असते. गॅस अजून आलेला नसतो, म्हणून इंडक्शनची शेगडी काढली जाते. दूध वर येते, कडेने ओघळते, बटणांवर पोचते आणि शेगडी शिट्ट्या मारून बंद पडते. शास्त्रार्थ पूर्ण झाला असे समजावे. पुसायचे काम मित्राचे. मग तो रिकाम्या खोल्यांतून फिरून "जागा छान आहे, उजेड आहे" असे म्हणतो. आठ वाजलेले असतात आणि उजेड बल्बचा असतो, तरी ते मान्य करावे.

मित्राचे परतीचे तिकीट पुण्यातूनच काढलेले असावे. नवी दिल्लीहून झेलम एक्सप्रेस थेट पुण्याला जाते, हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसही पुण्यावरून जाते. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, त्यामुळे मित्र ठरला की लगेच त्याचे जाणे ठरवावे लागते. स्टेशनवर सोडायला गाडीने जाऊ नये. पार्किंग शोधण्यात निरोपाची वेळ निघून जाते. मेट्रोने जावे.

राहिली गाडी. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार ती दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र, तिकडे नमुना २७ मधील अर्ज आणि हरियाणाचा कर. पुण्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो पुण्यातच मागावा लागतो, आणि कागद घेऊन तेथे कोणीतरी उभे राहावे लागते. आईचे दशम्यांचे डबे मित्राबरोबर परत जातातच. डबा रिकामा पाठवायचा नसतो, म्हणून एकात बिकानेरी भुजिया भरावी आणि दुसऱ्यात, घडी घालून, सही केलेले अधिकारपत्र ठेवावे.