थांबावयास शिकविणारा जिल्हा

सुभाषितकारांनी मनुष्यप्राण्यास आजवर पुष्कळ पळावयास लावले आहे. उठा, जागे व्हा, आजचे काम उद्यावर टाकू नका, अशी फर्माने शाळांच्या भिंतींवरून आणि कचेऱ्यांतल्या कॅलेंडरांवरून अव्याहत सुटत असतात. आमचा अहमदनगर जिल्हा, जो 2024 साली सरकारदप्तरी अहिल्यानगर झाला, तो या बाबतीत मात्र फटकून वागत आला आहे. येथील जी जी वचने प्रसिद्धीस पावली, त्या सर्वांचा इत्यर्थ एकच : थांबा.

शिर्डीच्या साईबाबांनी ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ या दोन शब्दांत सारा उपदेश आटोपला. पैकी श्रद्धा भक्तांजवळ मुबलक असते; सबुरीची तपासणी होते ती दर्शनाच्या रांगेत, जेथे ‘जरा सरका’ म्हणणारा प्रत्येक इसम दुसऱ्याच्या सबुरीच्या भरवशावर आपली श्रद्धा पुढे रेटीत असतो.

अरणगावानजीकच्या मेहेराबादचे मेहेरबाबा तर याहून पुढे गेले. 10 जुलै 1925 रोजी धरलेले मौन त्यांनी 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. आणि तरीही, 1954 पर्यंत अक्षरफलकावर बोट फिरवून व पुढे केवळ हातांच्या खुणांनी, त्यांनी इतके सांगून ठेवले की, आम्हां अखंड बडबडणारांच्या नावावर एकही वचन जमा का नाही, याचा उलगडा आपोआप व्हावा.

परंतु जीवन, श्रद्धा आणि काल यांचा त्रिवेणीसंगम पाहावयाचा तर एसटीकडेच वळले पाहिजे. 1 जून 1948 रोजी पहिली एसटी नगरहूनच पुण्यास निघाली, आणि ‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ या वचनाचा पूर्वार्ध तरी प्रवाशांनी तंतोतंत पाळला आहे. माळीवाडा स्थानकावर एका धोतर-टोपीतल्या वृद्धाने “साहेब, शेवगावची गाडी कवा यील?” असे पुसले असता, नोंदवहीतून मान वर न काढता नियंत्रक उत्तरला, “बाबा, तिकडून निघाली म्हंजे आलीच समजा.” वृद्ध पूर्ण समाधान पावला आणि पिशवी उशाशी घेऊन बाकावर आडवा झाला. कालाविषयी याहून निर्दोष सिद्धान्त षड्दर्शनांतही नसावा.

तथापि सर्वश्रेष्ठ तत्त्वज्ञ म्हणून माझा कौल कोपऱ्यावरच्या वाण्यालाच. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी टांगून त्याने अवघा भविष्यकाळच जप्त केला. गिऱ्हाइकास आशा मिळाली, त्याला रोकड मिळाली, आणि ‘उद्या’ ही तिथी कोणत्याच पंचांगात छापलेली नसल्यामुळे तंटाही उरला नाही. संतांनी सबुरी फुकट वाटली. तिच्यावर नफा काढून दाखविला तो एकट्या वाण्याने.