ताट एक, नावं पाच

(शिवडी, बीडीडी चाळ, दुसरा मजला. समोरासमोर दोन दारं, मधे पॅसेज. एका दारात काकी मेथी निवडत बसल्यात, दुसऱ्या दारात वहिनी.)

वहिनी: काय हो काकी, काल तुमच्याकडे शूटिंग होतं म्हणे? मी दुधाची पिशवी घेऊन येतेय तर एका पोराने मला पॅसेजमध्येच अडवलं. “आंटी, दोन मिनिटं थांबा, सावली पडतेय!” माझ्याच दारात मला!

काकी: अगं, तो ठाण्याचा. त्याला तेवढंच काम दिलं होतं, माणसं अडवायचं. आमच्या धाकटीच्या कॉलेजचा ग्रुप प्रोजेक्ट होता. खाण्याच्या पदार्थांचं स्टिल लाइफ.

वहिनी: म्हणजे आपल्या इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्र असायचं तसं?

काकी: तसंच. मला काय आलं होतं आठवतंय, किटली, दोन वांगी आणि मागे घड्या पाडलेला फडका. बी ग्रेड मिळाली. त्या फडक्याच्या घड्यांनी माझी ए ग्रेड खाल्ली. पण आपलं बरं होतं बाई, किटली तिरकी झाली की खोडरबर घ्यायचं. आणि पेपर ज्याचा त्याचा. इथे पाच जणांत एक फोटो, आणि मार्क पाचांना सारखे.

वहिनी: आता कळलं. मग भांडण झालंच असेल.

काकी: सांगते, दम धर. आधी खिडकीवरून झालं. कॉलेजात स्टुडिओ आहे, पण नंबर लागेपर्यंत सबमिशनची तारीख उलटून जाते. तेव्हा धाकटी म्हणाली, आमच्याकडे पूर्वेची खिडकी आहे. तो कॅमेरावाला मुलगा आला, सगळीकडे बघून म्हणतो, “एवढ्याशा खोलीत?” मी म्हटलं, बाळा, या एकशेसाठ चौरस फुटांत चार बाळंतपणं, दोन साखरपुडे नि एक मंगळागौर झाली. तुझं एक ताट मावेल.

वहिनी: बरं ऐकवलंत. पण खिडकीतून सकाळी ऊन केवढं येतं! डोळे दिपतात.

काकी: तेच तर. थेट उन्हात सावली कोळशासारखी काळी पडते, आणि रश्श्यावरचं तेल नुसतं चमकतं. म्हणून त्यांनी खिडकीला बटर पेपर चिकटवला. उजेड कसा पसरला म्हणून सांगू, अख्खी खोली गोरी झाली. उजेड एका बाजूने, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा धरायचा, म्हणजे त्या अंगालाही थोडा परत येतो.

वहिनी: थर्माकोल कुठून आणलं? मखराला शोधायला गेलं तर मिळत नाही, २०१८ पासून बंदी आहे ना.

काकी: टीव्हीच्या खोक्यातलं, माळ्यावर पडलं होतं. टाकू नका, टाकू नका म्हणत होते मी, ते कामाला आलं. खरं सांगू, त्या उजेडात मी माझीच आंबोळी पहिल्यांदा नीट पाहिली. समोरून मोबाइलचा फ्लॅश मारला तर पांढरी चकती दिसते, जिवंतपणाच नाही. बाजूने उजेड आला की जाळीतलं एकेक भोक वेगळं दिसतं. एका कडेला उजेड, एका कडेला बारीकशी सावली. पीठ रात्रभर आंबलंय हे सांगायला नको, दिसतंच.

वहिनी: आणि नव्या टॉवरात गेलो की ही खिडकी कुठली मिळायला!

काकी: ते होईल तेव्हा. वरळीच्या बीडीडीतल्या काहींना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आपल्या चाळींखालची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणून आपलं रखडलंय. आहे ती खिडकी वापरून घ्यावी.

वहिनी: आंबोळ्यांबरोबर काय केलं होतंत?

काकी: काळ्या वाटाण्याचं सांबार आणि सोलकढी. ग्रुपमधल्या एका चष्मेवालीला पास्ता हवा होता. धाकटी म्हणाली, पास्ता करायला येतो कुणाला? सगळे गप्प. मग ताटावरून सुरू. कॅमेरावाल्याची नजर माझ्या पितळी वाट्यांवर. म्हणे, रंग मस्त येईल, सोलकढी यात ओता. मी वाटी हातातून काढून घेतली. आतली कल्हई गेलीये, कोकमाचं आंबट पितळेत घालतात का? फोटोपुरतं, म्हणतो. म्हटलं, फोटो झाल्यावर पिणार कोण, तुझा कॅमेरा?

वहिनी: मग स्टीलच्या पेल्यात?

काकी: स्टीलच्या पेल्यात तर सगळी चाळ दिसायला लागली! कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून बघितलं तर पेल्याच्या पोटात त्या ठाण्याच्याचा लाल टीशर्ट, आमचं कपाट, दोरीवरची तुझ्या काकांची बनियन, सगळं वाकडंतिकडं होऊन बसलेलं. शेवटी काचेचा ग्लास काढला. त्याच्या मागून उजेड आला मात्र, कोकमाचा गुलाबी रंग असा उजळला की मीच “अगं बाई” म्हटलं. पण सोलकढी कुठे थांबते? नारळाचं दूध आणि पाणी वेगळं व्हायला लागलं. मग दर फोटोआधी चमचा फिरवायचा आणि काठाला लागलेलं इयरबडने पुसायचं. ते काम चष्मेवालीने घेतलं. पास्त्याचा राग विसरून तासभर ग्लासासमोरून हलली नाही ती.

वहिनी: एवढा वेळ सांबार गरम राहिलं?

काकी: तिथे त्यांची एक युक्ती असते. आधी डमी ताट मांडायचं. फुटकी आंबोळी, कालचं सांबार, काहीही. उजेड, कोन, सगळं त्याच्यावर ठरवायचं. खरं ताट सगळ्यात शेवटी, ताजं. त्याला हिरो म्हणतात. डझनभर आंबोळ्या घातल्या तेव्हा एक हिरो निघाली, बाकीच्या एक्स्ट्रा. कोथिंबीर गार पाण्यात ठेवलेली, अगदी शेवटी घालायची. लालबागच्या मिरची गल्लीतल्या मिरच्या कुटून केलेला मसाला आहे ना माझा, तो गरम तेलात घालून चमचाभर वरून सोडला, तेव्हा कुठे सांबाराला रंग चढला. नाहीतर ते फोटोत चिखलासारखं दिसत होतं.

वहिनी: आणि वाटाणे? ते तर तळाला जातात.

काकी: गेलेच. वर नुसता रस्सा. कॅमेरावाला म्हणतो, आत एक छोटी वाटी पालथी घालू, म्हणजे वाटाणे वर राहतील. धाकटी म्हणाली, नाही, सरांनी शिकवलंय. अमेरिकेत कॅम्पबेल नावाची सूपवाली कंपनी आहे, त्यांनी जाहिरातीत सूपच्या बाऊलच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या. भाज्या वर आल्या, सूप कसं भरगच्च दिसलं. १९७० च्या सुमाराला तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने धरलं त्यांना, ही फसवणूक आहे म्हणून. तेव्हा सरांचा नियम असा की ताटात खाण्याजोगं नसेल ते घालायचं नाही.

वहिनी: जाहिरातवाले आपल्याला काय काय दाखवतात! मग तुम्ही काय केलंत?

काकी: करायचंय काय? रस्सा कमी वाढला. झाऱ्याने वाटाणे आधी घातले, मग कडेकडेने रस्सा. आपण पाहुण्यांना वाढतो तसंच. त्याला कशाला गोट्या हव्यात?

वहिनी: पण काकी, पाच जण म्हणालात. मी तर चारच मोजले.

काकी: तिथेच तर गोम आहे. पाचवा व्हॉट्सॲपवर होता.

वहिनी: म्हणजे?

काकी: ग्रुपवर अंगठे पाठवत होता. मेनू ठरला, अंगठा. वाटाणे भिजले, अंगठा. आणि दुपारी दोनला स्वतः हजर, “जेवण तयार आहे का?” म्हणून. कॅमेरावाला तापला. त्याचं म्हणणं, कॅमेरा माझा, फोटो मी काढला, पहिलं नाव माझं, आणि याचं नाव नकोच. चष्मेवाली म्हणाली, बटणच तर दाबलंस. ठाण्याचा म्हणाला, मी दीड तास थर्माकोल धरून उभा, माझे हात गळून गेले. फोटोत ते दिसतं का कुठे?

वहिनी: बरोबरच आहे की त्याचं. मग सर काय म्हणतात म्हणे यावर?

काकी: त्यांनी वर्गात सांगितलं होतं. रिंगेलमान म्हणून एक फ्रेंच प्राध्यापक होता, शेतीच्या यंत्रांचा. त्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला. एकेकट्याचा आधी, मग मिळून. जितकी माणसं वाढवावीत तितका माणशी जोर कमी. आठ जण झाले तर प्रत्येकाचा जवळजवळ निम्माच. १९१३ साली छापलंय त्याने.

वहिनी: त्याला फ्रान्सला कशाला जायला हवं! सोसायटीच्या साफसफाईला बघा ना. वीस जण जमतात, झाडू चौघांच्या हातात.

काकी: पण मी पोरांना म्हटलं, मग आपला गोविंदा कसा उभा राहतो? तिथे तर शंभर असतात. दोरी ओढताना सगळ्यांचं काम एकच. कोण ओढतंय आणि कोण नुसतं तोंड वाकडं करतंय, मागून कळत नाही. थरांमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. खालच्या थरातल्याने खांदा सैल सोडला की वरचा लगेच ओरडतो, कुणाचा खांदा तेही नावानिशी. चुकारपणा माणसं जास्त म्हणून होत नाही गं. कुणाचं काम कुठलं हे न ठरवल्याने होतो.

वहिनी: वा काकी! पटलं का पोरांना?

काकी: उपाशी होती, पटायलाच हवं. एक कागद घेतला. डावीकडे नाव, उजवीकडे काम. उजेड परतवणे आणि माणसं अडवणे, ठाणेकर. ग्लास आणि मांडणी, चष्मेवाली. कॅमेरा, कॅमेरावाला. विषय, सामान आणि सगळ्यांना फोन करून उठवणे, आमची धाकटी. हे फोन करायचं काम फोटोत कधीच दिसत नाही आणि नेहमी पोरींच्याच गळ्यात येतं, म्हणून मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहायला लावलं. तो कागद फोटोबरोबर जोडून द्यायचा.

वहिनी: आणि तुमचं नाव?

काकी: त्यांनी फूड स्टायलिस्ट लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. म्हटलं, ‘स्वयंपाक’ लिहा, स्टाइल मी केलेली नाही.

वहिनी: शेवटी ते ताट खाल्लं की फेकलं?

काकी: फेकतील? माझ्या घरात? धाकटी सांगत होती, एडवर्ड वेस्टन म्हणून अमेरिकेतला मोठा फोटोग्राफर. १९३० साली त्याने एक ढबू मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला, नरसाळ्याच्या आतून उजेड फिरून मिरचीवर यावा म्हणून. त्या फोटोला सहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला होता. आणि काम झालं की असल्या मिरच्या खाऊन टाकायचा. जगात नाव झालं त्या मिरचीचं, पण वाया नाही घालवली. आमच्या हिरोला ठाणेकराने खाल्लं. थंड सांबाराबरोबर, चार एक्स्ट्रा वर.

वहिनी: आणि त्या पाचव्याला वाढलंत?

काकी: दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं का? वाढलं पोटभर. पण कागदावर त्याच्या नावापुढचा रकाना मोकळा ठेवलाय. फोटोबरोबर पाचशे शब्दांचं टिपण द्यायचंय, उजेड कुठून घेतला, ताट असंच का मांडलं, वगैरे. सोमवारपर्यंत त्याने लिहायचं आणि रकाना भरायचा.

वहिनी: आणि नाही लिहिलं तर?

काकी: मग तो रकाना सरांशी बोलेल. आपण कशाला कुणाबद्दल बोलायचं?

वहिनी: काकी, अर्धा तास झाला, आपण दुसरं काय करतोय?